आरोग्य केंद्र: आपण चालवायचं की ठेक्याने द्यायचं?

सरकारी आरोग्य केंद्र सरकारने स्वतः चालवायचं की एखाद्या संस्थेला ठेक्याने द्यायचं, हा विषय नाशिकमध्ये निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: स्वस्त काय पडतं? कागदावर बहुतेकदा ठेका जिंकतो. एका बाजूला कायम एमओ (डॉक्टर), नर्स, फार्मासिस्टचे पगार, दुसऱ्या बाजूला संस्थेने मागितलेली ठोक रक्कम. पण ही बेरीज अर्धवट आहे. इमारत, लसी, बरीचशी औषधं सरकारचीच राहतात. शिवाय बिलं तपासायला, न सांगता भेट द्यायला माणूस लागतो. तो ठेवलाच नाही तर ठेका स्वस्त दिसणारच.

फसगत उलटीही होते. सुरगाण्यासारख्या दूरच्या आदिवासी तालुक्यातल्या एखाद्या केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी असली की पगार वाचतो, तक्ता देखणा दिसतो आणि पेशंट जीप करून नाशिकच्या सिव्हिलला येतो. ते भाडं कुठल्याच तक्त्यात नसतं.

कंबोडियाने 1999 पासून काही जिल्ह्यांची आरोग्यसेवा संस्थांकडे सोपवून आणि काहींची सरकारकडेच ठेवून पडताळा घेतला. सोपवलेल्या जिल्ह्यांत माणशी सार्वजनिक खर्च जास्त झाला, पण सेवा सुधारली आणि लोकांच्या खिशातून जाणारा पैसा घटला. म्हणजे सरकारी तिजोरी वाचेल या आशेने ठेका देऊ नये.

खरी मेख पैसे कशावर देता यात आहे. ओपीडीच्या आकड्यावर दिले तर सर्दी-खोकल्याची रांग वाढते. बीपी-शुगरचा पाठपुरावा, टीबीच्या गोळ्या, गरोदर बाईकडे एएनएमची (गावात फिरणाऱ्या नर्सची) फेरी मागे पडते, कारण त्याचं बिल होत नाही. लोकसंख्येवर (शहरात केंद्रामागे साधारण 50,000, आदिवासी भागात 20,000) दिले तर काम न करताही बिल निघतं. म्हणून लोकसंख्येवर द्या, पण काही रक्कम लसीकरण आणि पाठपुराव्याच्या कामावर अडकवून ठेवा.

नाशिक शहरातल्या सातपूर-सिडकोत निविदेला स्पर्धा होऊ शकते. लॅब, सफाई, संध्याकाळची ओपीडी तिथे द्यायला माझी हरकत नाही. पेठ-सुरगाण्यात एखादाच आला तर तो म्हणेल तो भाव, आणि तो मध्येच निघून गेला तर केंद्र परत चालवायला आपल्याकडे माणसं उरलेली नसतात. तिथलं केंद्र मी जिल्हा परिषदेकडेच ठेवीन आणि आधी डॉक्टरचं क्वार्टर राहण्याजोगं करीन.

तरीही ठेकाच द्यायचा असेल तर बिल किती दिवसांत मिळेल हे करारात लिहा. बिलं थकली की छोट्या, मन लावून काम करणाऱ्या संस्था आधी बाहेर पडतात आणि पुढच्या टेंडरला थकबाकी पचवू शकणारे मोठे ठेकेदारच उरतात.