पाणकावळ्यांची मासेमारी: गिफू की उजी?

जपानमध्ये शिकवलेल्या पाणकावळ्यांकडून रात्री मासे पकडतात. ही मासेमारी एकदाच बघायची असेल, तर माझं मत गिफू शहराला. तिथल्या नागारा नदीवर ११ मे ते १५ ऑक्टोबर हंगाम असतो. होडीच्या नाळेवर लोखंडी टोपलीत लाकडं पेटलेली, ठिणग्या पाण्यात चर्रकन विझतात. कमरेला गवताचा घागरा बांधलेला उशो, म्हणजे पाणकावळे हाताळणारा मच्छीमार, दहाएक पाणकावळ्यांच्या दोऱ्या एका मुठीत गुंता न होऊ देता सांभाळतो. पक्ष्याच्या गळ्याला दोरी अशी बेतानं बांधलेली, की बारका मासा पोटात जातो, मोठा आयू मासा होडीत येतो. (पक्ष्यांची कीव येते, खरंय.)

क्योतोत मुक्काम असेल तर जवळचं उजी सोयीचं. हंगाम फक्त उन्हाळ्यापुरता, थाटही लहान. पण तिथे बायकाही उशो आहेत, आणि २०१४ साली तिथल्या पाळीव पाणकावळ्यांच्या अंड्यातून पिल्लूही निघालं.