ओझरच्या मिगची १:४८ प्रतिकृती : एडुआर्डच्या मिग-२१ बिस किटचे परीक्षण

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी कपाटाच्या वरच्या फळीवर कित्येक वर्षे ठेवलेले एक खोके खाली काढले. एडुआर्ड या चेक कंपनीचे, १:४८ प्रमाणातील, मिग-२१ बिस या विमानाचे ‘प्रोफिपॅक’ किट, म्हणजे सुटे भाग जोडून प्रतिकृती बनवण्याचा संच, त्यात होते. हे किट नवे नाही; तपाहून अधिक काळ ते वेगवेगळ्या खोक्यांतून बाजारात येत राहिले आहे. तरीही त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१चे एफएल, एम आणि बिस असे जे तीन प्रकार बांधले गेले, त्यांतील बिस हा शेवटचा. कारखान्यात त्याला ‘टाइप ७५’ म्हणत. माझे वडील तिथे फिटर होते, त्यामुळे आमच्या घरात हे विमान केवळ बातम्यांतून आलेले नाही.

एडुआर्डची सुरुवात १९८९ साली चेकोस्लोव्हाकियात झाली ती पूर्ण किटने नव्हे, तर दुसऱ्यांच्या किटना लावायच्या पातळ धातूच्या कोरीव सुट्या भागांनी. मॉडेल करणारे ज्याला ‘फोटोएच’ म्हणतात, ते हे काम. त्या देशाच्या हवाई दलाने मिग-२१ अनेक वर्षे वापरले, आरंभीचा एफ-१३ हा प्रकार तेथील एरो कंपनीने परवान्याखाली बांधला, आणि प्राग येथील क्बेली विमान संग्रहालयात ही विमाने आजही जवळून पाहता येतात. भारत आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन्ही देशांना हे विमान स्वतःच्या कारखान्यात बांधण्याचा अनुभव आहे. किट उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच जाणवते की, ज्यांनी ते आखले त्यांनी नुसते आराखडे पाहिलेले नसून प्रत्यक्ष विमानाभोवती हिंडून त्याची मोजमापे घेतलेली असावीत.

खोक्यात प्लॅस्टिकच्या भागांच्या चौकटी, पारदर्शक भागांची एक वेगळी चौकट, रंग छापलेले आणि साधे असे दोन्ही प्रकारचे फोटोएच पत्रे, रंग देताना काच झाकण्यासाठी तिच्यावर चिकटवायचे आयते कापलेले मास्क आणि डिकलचे, म्हणजे विमानावर उठवायच्या छापील खुणांचे, ताव असतात. प्रत्यक्ष विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. या प्रमाणात तो सुमारे १४९ मिलिमीटर भरतो, म्हणजे विमान दोन्ही हातांच्या ओंजळीत मावते. नाकापासून शेपटापर्यंतची लांबी मात्र त्याच्या दुपटीच्या आसपास जाते, आणि मिगचा तो लांबट, निमुळता, पंख आखूड असलेला बाणासारखा देह टेबलावर ठेवल्याबरोबर ओळखू येतो. प्रतिकृतीची पहिली परीक्षा तीच असते, आणि येथे हे किट निर्विवाद उत्तीर्ण होते.

या किटचे खरे वैभव कॉकपिटमध्ये आहे. उपकरणांचे पॅनेल दोन पद्धतींनी करता येते : उठाव असलेल्या प्लॅस्टिकच्या भागावर हाताने रंगवून किंवा डिकल लावून, अथवा सपाट भागावर छापील पत्र्याचे थर एकावर एक चिकटवून. मी दुसरा मार्ग घेतला. खालच्या पत्र्यावर तबकड्यांचे आकडे असतात, वरच्या पत्र्याला तेवढीच गोल भोके असतात, आणि दोन्ही जुळवून प्रत्येक तबकडीत पारदर्शक वार्निशचा एकेक थेंब सोडला की काच बसवल्याचा भास होतो. मिग-२१च्या पॅनेलवर मध्यभागी उभा पांढरा पट्टा असतो. विमान गिरक्या घेत कोसळू लागले, तर वैमानिकाने दांडा नेमका मध्यावर आणावा, यासाठी ती खूण असते. हाताच्या नखाएवढ्या जागेत तो पट्टा पाहताना या विमानाच्या वैमानिकांनी किती जोखीम पत्करली याची जी जाणीव होते, ती कोणत्याही आकडेवारीने मला झाली नव्हती. कॉकपिटच्या आतला तो विशिष्ट निळसर हिरवा रंग मात्र बाटलीतून थेट मिळत नाही. छापील पत्र्याशी जुळेपर्यंत दोन-तीन रंग मिसळून पाहावे लागतात, आणि हे मिश्रण एकदाच भरपूर करून ठेवावे. दुसऱ्यांदा तीच छटा साधत नाही. आसनाचे पट्टे धातूचे असल्याने चिमट्याने हलके वाकवून आसनावर सैल पडलेले दाखवता येतात.

कॉकपिटनंतर येणारा टप्पा सर्वांत कसोटीचा आहे. कॉकपिट, पुढच्या चाकाचा कोनाडा, मुख्य चाकांचे कोनाडे आणि इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी मागची झोतनळी हे सर्व धडाचे दोन अर्ध चिकटवण्यापूर्वीच आत बसवावे लागते. मुख्य चाकांचे कोनाडे अनेक लहान आडव्या-उभ्या फळ्यांनी बनतात, आणि त्यांतील एक फळी अर्धा मिलिमीटर जरी तिरकी राहिली, तरी धड नीट मिटत नाही. मी पहिल्या संध्याकाळी घाई केली, एक फळी गोंद पूर्ण सुकण्याआधी पुढची लावली, आणि नंतर सगळा कोनाडा सुटा करून पुन्हा बांधावा लागला. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की, प्रत्येक भाग गोंद न लावता आधी जुळवून पाहावा, चौकटीतून कापताना राहिलेला कणभर उंचवटाही बारीक सँडपेपरने घासून काढावा, आणि धडाचे अर्ध किमान तीनदा कोरडे मिटवून मगच पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडणारा गोंद, सोडावे. नाकातील शंकूच्या मागे शिशाचे छर्रे भरण्याची जागाही याच वेळी शोधून ठेवावी, म्हणजे तयार विमान शेपटावर बसण्याची भीती राहत नाही.

पृष्ठभागाविषयी वेगळे लिहिले पाहिजे. पत्र्यांचे सांधे कोरीव आणि बारीक आहेत, रिव्हेटच्या रांगा त्याहून सौम्य आहेत, आणि रंगाचे दोन पातळ थर बसल्यावरही त्या बुजत नाहीत. धड जोडून झाल्यावर, रंग देण्यापूर्वी, मी ते बाबांच्या हाती दिले. त्यांनी ते खिडकीजवळ नेले, पंखामागच्या धडावरून फिरणाऱ्या एका सांध्यावर नख ठेवले आणि म्हणाले, “इथून शेपूट वेगळं होतं. इंजिन काढायचं तर हा जोड सोडायचा, शेपूट गाड्यावर मागे ओढायचं आणि मग इंजिन बाहेर.” पुढचा अर्धा तास ते झाकणांच्या खुणा दाखवत राहिले : हे तेलाचे, हे बॅटरीचे, या झाकणाला हात घालताना मनगट हमखास सोलवटायचे. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने मूळ विमानावर काम केले, त्या माणसाला प्लॅस्टिकच्या सांध्यांवरून कामाची जागा ओळखता येते, ही माझ्या लेखी या किटच्या अचूकतेची सर्वांत भरवशाची साक्ष आहे.

मला हवे होते ते भारतीय विमान, ऐंशीच्या दशकातील आणि एकरंगी करडे. त्याच्या खुणा मी स्वतंत्रपणे विकत घेतल्या. येथे एक इशारा आवश्यक आहे. पहिल्या विक्रेत्याकडून आलेल्या डिकलवरील केशरी रंग जवळजवळ विटकरी लाल होता, आणि केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळात केशरी चुकला की सारे विमान परके दिसू लागते. तो ताव मी बाजूला ठेवला आणि दुसरा मिळेपर्यंत तीन आठवडे थांबलो. याशिवाय, या किटमधून थेट ‘बायसन’ करण्याचा मोह टाळावा. बायसन हे बिसचेच सुधारित रूप असले, तरी त्याची समोरची काच चौकटीविना एकसंध आहे, तर बिसची काच चौकटीत बसवलेली आहे. आत आणि बाहेरही इतर अनेक बदल आहेत. ज्यांना बायसनच हवे असेल, त्यांनी त्यासाठीचे सुटे भाग आधी मिळवावेत आणि मगच किटला हात लावावा. पृष्ठभागावरील बारीक सूचनांची डिकल इतकी आहेत की त्यांत माझ्या दोन पूर्ण संध्याकाळी गेल्या. पण त्या सूचना लावल्यावरच करडा रंग जिवंत होतो, म्हणून त्या टाळू नयेत.

रंगकामाबाबत आपल्याकडील हवामानाचा विचार करावाच लागतो. लॅकर रंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या लेखणीने, मारायचे असतील, तर पावसाळ्यातील दमट दिवस टाळावेत. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. मी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली, एका वेळी एकच पातळ थर दिला, आणि खिडकी उघडी ठेवून तोंडावर योग्य प्रतीचा मास्क लावूनच काम केले. करड्या रंगाखाली काही पत्र्यांवर किंचित गडद आणि काहींवर फिकट छटा आधीच दिल्याने उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाचा विटका एकजिनसीपणा साधला. झोतनळीभोवतीचा उघडा धातू तेवढा वेगळा रंगवला. त्यावर निळसर आणि तपकिरी पारदर्शक छटा चढवल्या, कारण आर-२५ इंजिनाच्या उष्णतेने तो भाग असाच करपत असे.

किमतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अशा प्रतिकृती आयात करताना त्या खेळण्यांच्या वर्गात मोजल्या जातात, आणि खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. त्यावर इतर कर आणि टपालखर्च धरला, तर परदेशातील किंमत भारतात येईपर्यंत सहज दुपटीच्या आसपास पोचते. प्रोफिपॅकमध्ये पत्रे आणि मास्क आयते मिळत असल्याने ते सुटे मागवण्याचा खर्च वाचतो, त्यामुळे माझ्या मते हेच खोके घेणे शहाणपणाचे आहे. मात्र ज्याने यापूर्वी एकही किट पूर्ण केलेले नाही, त्याला मी ते सुचवणार नाही. आधी १:७२ प्रमाणातील कमी भागांची दोन-तीन विमाने करावीत, सांधा भरणे आणि घासणे हातात बसवावे, आणि मग याच्याकडे वळावे. या किटला चिकाटी लागते आणि ती चिकाटी ते पुरेपूर परत करते.

शस्त्रे भरपूर दिली आहेत : क्षेपणास्त्रे, रॉकेटच्या नळकांड्या, बॉम्ब आणि इंधनाच्या टाक्या. मी पोटाखाली एक टाकी आणि पंखांखाली दोन क्षेपणास्त्रे एवढेच लावले. पोटातील २३ मिलिमीटरची दुहेरी तोफ त्यामुळे नीट दिसते. नाकाच्या वर, किंचित उजवीकडे, पुढे झेपावणारी, विमानाचा वेग मोजण्यासाठीची पितो नळी मी प्लॅस्टिकची न वापरता बारीक पितळी नळीची केली, कारण शर्टाच्या बाहीचा एक धक्का तिला पुरतो. कोणत्याही पदार्थाची केली, तरी ती सर्वांत शेवटी, विमान काचेच्या पेटीत ठेवण्याच्या क्षणीच लावावी, आणि पेटी विकत घेताना तिची लांबी नळीच्या टोकापासून मोजावी.