गल्लीतली खोली की बायपासवरचा फ्लॅट

भाचीला शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात ती अंबाजोगाईहून इकडं, छत्रपती संभाजीनगरला येईल. तिच्यापुढं दोन जागा आहेत. एक जुन्या शहरात, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, वाड्याच्या माडीवरची खोली: भाडं 3,500, न्हाणी सामायिक, घरमालक खालीच. दुसरी बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात वन बीएचके: भाडं 9,000, लिफ्ट, वॉचमन, जिन्यात कॅमेरे. "मावशी, तू दोन्हीकडं राहिलीस. कुठं राहू?"

फोनवर अर्धा तास बोलले, तरी मुद्द्याचं राहूनच गेलं. घर बघायला निघालेली एकटी पोर (किंवा पोरगाही) हाच प्रश्न घेऊन फिरत असते, म्हणून सगळं लिहूनच काढते. मी 2008 ते 2016 अशाच एका गल्लीत राहिले, आणि तेव्हापासून बायपासला आहे. आठ वर्षं शहराच्या पोटात, त्यानंतरची कडेला.

पैशाचा हिशोब आधी उरकते, कारण तो सोपा आहे. खोली स्वस्त, पण रिक्षा आत येत नाही आणि कंपनीची बस तर नाहीच. बसपर्यंत पायी जावं लागतं. फ्लॅटला मेंटेनन्स वेगळा, आणि उन्हाळ्यात सोसायटीनं टँकर मागवले की त्याची वर्गणी वेगळी. बस कुठल्या रस्त्यानं जाते ते कंपनीत विचार, मग दोन्हींची बेरीज कर. फरक वाटतो तेवढा मोठा निघणार नाही. आणि घर कुठलंही घे, भाडेकरार नोंदवून घे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" असं दोन्हीकडं ऐकवतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, एवढं वाक्य पाठ करून ठेव.

आता खरं ते पाण्याचं.

ज्या गावाला सतराव्या शतकात मलिक अंबरानं जमिनीखालून नहरी खेळवून पाणी दिलं, त्या गावात मी आले तेव्हा नळ कधी तिसऱ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या, पुढं पुढं तर आठवड्यानं. पैठणला नाथसागर भरलेला असो की आटलेला, गल्लीतल्या नळाला त्याचं देणंघेणं नसायचं. पाणी कधी पहाटे चारला यायचं, कधी भर दुपारी. दुपारी मी वाळूजला कामावर. पहिल्या दोन वेळा माझा ड्रम रिकामा राहिला. तिसऱ्या वेळी खालच्या काकू म्हणाल्या, "एक किल्ली आमच्याकडं टाकून जात जा गं माय. भरून ठेवते."

दिली किल्ली. संध्याकाळी आले तर ड्रम भरलेला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं, माठही धुऊन भरलेला. एवढंच नाही, अंथरूण घडी करून ठेवलेलं. दोरीवरचे आतले कपडे काढून, घड्या घालून, टॉवेलखाली झाकून ठेवलेले. टेबलावरची पुस्तकं एकावर एक रचलेली, आणि त्यात अर्ध्यावर उघडी ठेवलेली माझी वहीही बंद केलेली.

वाचली असेल का? आजही माहीत नाही. त्या रात्री मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी किल्ली परत मागितली का? नाही. पाणी कोण भरणार होतं? आणि मागितली असती तरी काय सांगून? काकूंनी कंबर धरून चार कळश्या माडीवर चढवल्या होत्या, त्याही एक रुपया न घेता. त्यांच्या लेखी कुलपाच्या आतली खोली आणि कुलपाच्या आतला माझा जीव यांत भेदच नव्हता. दोन्ही सांभाळायचे असतात. गल्लीतली माणुसकी न मागता मिळते, आणि न विचारता आतही येते. दोन्ही एकाच किल्लीनं.

मी एवढंच केलं, की वही ऑफिसच्या ड्रॉवरात ठेवायला लागले. आठ वर्षं तिथंच राहिली.

फ्लॅटमध्ये पाणी येतं ते कुणाच्या कमरेवरून येत नाही, मोटारीनं येतं. नळ सोडला की आहे, आणि नसलं की सगळ्यांनाच नाही. वही उशाशी असते. इथं आले त्या पहिल्या आठवड्यात मी दार लावून नुसती बसायचे, दिवसाढवळ्या, विनाकारण. गल्लीत दुपारी दार लावलं की "बरं नाही का?" म्हणून लगेच कडी वाजायची. इथं चार दिवस दार उघडलं नाही तरी कुणाला कळणार नव्हतं. आधी हे सुख वाटलं. मग एकदा खरंच चार दिवस दार उघडलं नाही.

डेंगी झाला होता. ताप असा, की दुधाची पिशवी आत घ्यायला उठवेना. दाराबाहेर पिशव्या साचत गेल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या लोकांना त्या रोज दिसत असणार. गावाला गेली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांचा दोष नाही. माझ्या पिशव्यांवरून तर्क करायचा नाही, हाच तर आमचा अलिखित करार होता. गल्लीत पहिल्या सकाळी सातला दूध घ्यायला उतरले नाही, तर आठला काकू वर आल्या असत्या.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "301. मला दवाखान्यात जायचंय, कुणी येईल का?" हे एक वाक्य टाइप करायला मला अख्खी दुपार लागली. आणि ते पाठवल्यावर दहा मिनिटांत तीन दारं वाजली. वरच्या मजल्यावरच्या, जिचं नाव मला दोन वर्षांत माहीत नव्हतं, तिनं गाडी काढली, रक्ताच्या चाचणीच्या रांगेत उभी राहिली, रात्री मुगाची पातळ खिचडी आणून दिली. डबा परत न्यायला आली तेव्हाही उंबऱ्याबाहेर उभी. "आत येऊ का?" असं विचारलं तिनं. हा प्रश्न मला आठ वर्षांत कुणी विचारला नव्हता.

म्हणून "गल्लीत माणसं चांगली, फ्लॅटमधली कोरडी" हे जे आपल्याकडं सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही. माणसं तीच आहेत. बायपासच्या निम्म्या फ्लॅटांत बीड, जालना, परभणीचीच तर बिऱ्हाडं आहेत. ज्यांच्या घरी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात रस्त्यानं जाणाऱ्या अनोळख्यालाही हाक मारून अंबिल-भज्जी वाढतात, अशी लातूर-धाराशिवकडची माणसंही माझ्याच जिन्यात राहतात. शेतात हाक मारणारा माणूस लिफ्टमध्ये मान खाली घालून मोबाइल बघतो, कारण लिफ्टमध्ये हाक मारायची रीत अजून पडलेली नाही. पण तू हाक मारलीस की ओ देतो. फरक इतकाच, की गल्लीत हाक त्यांची असते आणि इथं ती तुला मारावी लागते.

तर बाई, पहिला प्रश्न जागेला नको विचारू, स्वतःला विचार: तुला मागता येतं का? आमच्या घराण्यात ते कुणाला येत नाही. तुझ्या आईनं गुडघ्याचं दुखणं तीन वर्षं सांगितलं नव्हतं. तू तिच्यावर गेली असशील, तर गल्ली बरी.

खासगीपणाच्या खात्यात फ्लॅटला आंधळेपणानं पूर्ण गुण देऊ नकोस मात्र. गल्लीतले डोळे पुष्कळ. एकदा ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं रात्री नऊला मोटारसायकलवरून सोडलं. मी जिना चढेपर्यंत बातमी अंबाजोगाईला पोचली होती. दार उघडते तोवर आईचा फोन: "कोण होता गं?" वैताग आला, रडले. पण महिनाभरात विषय शिळा झाला, कुणाच्या तरी लेकीचं लग्न मोडलं आणि लोक तिकडं वळले. गल्ली विसरते. कॅमेऱ्याचं काय? फ्लॅटमध्ये कोण किती वाजता आलं ते गेटवरच्या रजिस्टरात, पाहुण्याच्या मोबाइल नंबरासकट लिहिलेलं असतं, आणि ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं, कुणीही चाळावं असं. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. आमच्या वॉचमनमामांपर्यंत तो अजून यायचा आहे. मामांनी मला कधी काही विचारलं नाही, हे खरं. पण एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका बिऱ्हाडाकडं "फार लोक येतात" असा विषय निघाला आणि सेक्रेटरीनं रजिस्टर उघडून तारखा वाचल्या. काकूंनी माझी वही वाचलीही असेल, पण तारखा लावून चार लोकांत वाचून दाखवली नसती.

उन्हाळ्याचंही सांगते. मे महिन्यात गल्लीत आम्ही माळवदावर झोपायचो. माळवदं एकाला एक लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. रात्री बारापर्यंत चार घरांची बोलणी कानावर. पलीकडच्या घरात नवी सून हळू आवाजात माहेरी फोन करायची, तेव्हा आमच्या काकू मुद्दाम मोठ्यानं घोरायच्या. घोरणं खोटं होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. भिंती नसतात तिथं लोक असा आडोसा करतात. असा आडोसा मला पुढं कुठल्या इमारतीत दिसला नाही, तसं त्याचं कामही पडलं नाही म्हणा.

आता तुझा आवडीचा विषय, कपडे. तुला वाटतंय फ्लॅटमध्ये हवं ते घालता येईल. येईल. मी इथं कापडी पिशवीसारखा झगा घालून कचरा टाकायला गेले तरी कुणाची पापणी हलत नाही. गल्लीत मी केस बारीक कापले त्या दिवशी कोपऱ्यावरची आजी म्हणाली, "अगं माय, तिरुपतीचा नवस होता का?" आठवडाभर तेच. नवव्या दिवशी तीच आजी सुनेला सांगत होती, "उन्हाळ्यात बरं असतंय बघ तसं."

आणि खिसे. मला कुडत्याला दोन खिसे लागतात, खोल, हात आत जाईल असे. गल्लीतल्या टेलरनं आधी साफ नाही म्हटलं: बायकांच्या कुडत्याची कड बिघडते, फुगा येतो, शोभत नाही. मी खादीचं कापड त्यांच्या टेबलावर ठेवून समोर बसून राहिले. शिवला त्यांनी, नाराजीनं, एकच. पुढच्या वेळी दोन. वर्षभरानं दुकानात गेले तर शेजारच्या शाळेतल्या बाई मोबाइल मावेल असा खिसा मागत होत्या आणि टेलर मला दाखवून म्हणाले, "ह्या मॅडमसारखा ना?" सांगताना हसू येतं, पण कुठलं बक्षीस मिळालं असतं तरी एवढी फुशारले नसते. गल्लीत नवं काही घातलं की आधी टोमणा येतो, मग सवय होते, आणि नशीब असेल तर नक्कल होते. फ्लॅटमध्ये टोमणा नाही, म्हणून पुढचं दोन्हीही नाही. वेगळं दिसायचं म्हणजे कुणीतरी बघायला हवं. तू अजून तेवीस वर्षांची आहेस. टोमणा झेलायची ताकद आज नसेल, तर बायपासला ये, त्यात कमीपणा नाही. मीही छत्तिसाव्या वर्षी दमूनच इकडं आले.

एक गोष्ट मात्र दोन्ही जागांना सारखीच लागू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा आढावा खोटा होईल. तुला दोन्हीकडं "हो" म्हणालेत, त्याला तुझं आडनावही कारण आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुस्लिम मैत्रिणीला या भागात सहा ठिकाणी नकार मिळाला. कुठं "आताच गेला फ्लॅट" म्हणून, कुठं "आम्ही शाकाहारी" म्हणून. गल्लीत तर आडनाव विचारून, गाव विचारून, मग पावणेरावळे विचारून माणूस कोण ते काढतात, आणि मगच चहा येतो. ज्या काकूंनी माझा ड्रम आठ वर्षं भरला, त्यांनी माझ्याजागी दुसऱ्या कुणाला किल्ली मागितली असती का, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. मला त्यांचं उत्तर ऐकायचं नव्हतं.

माझं मत मागशील तर: पहिलं वर्ष गल्लीत काढ. शहर नवं, नोकरी नवी, तुला ताप आला तर विचारायला कुणी तरी लागेल आणि तू तोंडानं सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. वही ऑफिसात ठेव. आतून लावायची कडी पक्की आहे का ते भाडं ठरवायच्या आधी बघ. दुखणी नंतर होत असतात, कडी पहिल्या रात्रीपासून लागते. न्हाणीच्या दाराला फट किती आहे तेही. बाकीचं चालवून घेता येतं. वर्षानं वाटलं तर उचल बिऱ्हाड आणि ये इकडं. उलटा प्रवास मात्र अवघड आहे. फ्लॅटमध्ये राहून गल्लीत परत गेलेलं माझ्या ओळखीत तरी कुणी नाही.

हे सगळं काल तिला पुन्हा फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मध्ये एकदाच विचारलं, "तो टेलर आहे का गं अजून?" आहे म्हटलं, आता पोरगा बसतो. रविवारी ती दोन्ही जागा बघायला येते आहे. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, "कुठलीही घे, पण एक किल्ली माझ्याकडं टाकून ठेव."

"बघते मावशी," म्हणाली.