लाकडी ट्रॅकवरचा एक तास: ली व्हॅली व्हेलोपार्क, लंडन

मागच्या शनिवारी मुलीला घेऊन स्ट्रॅटफर्डच्या ली व्हॅली व्हेलोपार्क या सायकल ट्रॅकवर टेस्टर सेशनला, म्हणजे नवख्यांच्या चाखून बघायच्या तासाला, गेलो होतो. तिला तेरावं लागलंय, माझं शेहेचाळिसावं सरलंय. 2012 च्या ऑलिंपिकचा हाच तो ट्रॅक. ट्रॅक सायकलिंगच्या 10 पैकी 7 सुवर्णपदकं ब्रिटननं इथं जिंकली. पैसे भरून तासभर त्याच लाकडावर तुम्हा-आम्हाला सायकल चालवता येते, ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. मी मूळचा सांगलीचा. कॉलेजात असताना बालेवाडीच्या ट्रॅकवर स्प्रिंट मारायचो. तो सिमेंटचा आणि उघड्यावरचा. दुपारी त्यावर पडलं की सोलवटलेलं कातडं भाजूनही निघायचं. लाकडी ट्रॅकवर चाक टेकवायची इच्छा पंचवीस वर्षं मनात होती. त्या तासानं एका जुन्या वादाचं उत्तरही दिलं: टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्यांची रोड रेस स्प्रिंटरनं, म्हणजे शेवटच्या झेपेत जिंकणाऱ्यानं, ऑलिंपिकसाठी अर्ध्यात सोडावी का?

आधी सेवेबद्दल सांगतो, कारण ज्यांना जायचंय त्यांना ते लागेल. सायकल, हेल्मेट, शूज सगळं तिथंच मिळतं. तुम्ही पाण्याची बाटली आणि अंगाला चिकटून बसणारे कपडे घेऊन जायचं. सैल ट्रॅकपँट घालू नका, चेनमध्ये जाते. शूजच्या तळाला क्लीट असतात आणि ते पेडलमध्ये अडकतात. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात, म्हणून वेळेच्या बरंच आधी पोचा. आमच्या गटात असे चौघे होते. कोचनं एकेकाजवळ जाऊन, पाय धरून, टाच बाहेर कशी फिरवायची ते दाखवलं. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. माझ्या लेकीला इतक्या शांतपणे शिकवणारं कोणी भेटलं याचं मला फार बरं वाटलं.

ट्रॅकची सायकल म्हणजे ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, गिअर एकच. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर आपण पाय स्थिर ठेवून नुसते वाहत जातो तसं इथं करायला गेलात तर सायकल खालून अशी उसळी देते की हँडल सुटावं. कोचनं हे चार वेळा सांगितलं आणि तरी एकानं पाय थांबवलेच. पडला नाही, पण चेहरा पांढरा झाला.

सुरुवात आतल्या सपाट पट्ट्यावर, कठड्याला हात धरून. मग दोन फेऱ्या तिथंच. मग निळ्या रुंद पट्ट्यावर, मग काळ्या रेषेवर. ट्रॅकची 250 मीटर लांबी याच काळ्या रेषेवर मोजतात. तिच्यावर लाल, लालच्या वर निळी. वळणांवर लाकूड 42 अंशांत उभं राहतं. खालून बघितलं की भिंतच वाटते. सगळं अंग सांगतं की यावर सायकल घातली तर घसरून खाली येणार. खरं तर उलटं आहे. हळू गेलात तर घसराल, वेगात गेलात तर वळणच तुम्हाला धरून ठेवतं. तिसऱ्या प्रयत्नात मी निळ्या रेषेपर्यंत चढलो आणि तिथून खाली काळ्या रेषेकडे सायकल सोडली. तो क्षण मला लिहून सांगता येणार नाही. सायबेरियन पाइनच्या पट्ट्यांवरून चाक जाताना एक घुमणारा आवाज येतो, सिमेंटवर कधी न ऐकलेला. पाय आपोआप फिरायला लागले. नुसते फिरत नव्हते, भिरभिरत होते.

आणि त्या फेरीतच मला 1999 आठवलं.

राज्यातल्या एका चार दिवसांच्या रोड रेसमध्ये मी उतरलो होतो. पहिले दोन दिवस सपाट रस्त्यांचे. पहिल्या दिवशीचा स्प्रिंट मी मारला, दुसऱ्या दिवशी दुसरा आलो. पुढचे दोन दिवस घाटांचे. आठवड्याभरानं बालेवाडीला ट्रॅकची निवड चाचणी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर म्हणाले, "बास आता. सायकल गाडीवर टाक आणि घरी चल." मला ते पटलं नाही. अर्ध्यात सोडलं तर लोक काय म्हणतील, बरोबरची पोरं काय म्हणतील, हेच डोक्यात. मी चारही दिवस पुरे केले. घाटात शेवटच्या टोळक्यातून, जड गिअर हळूहळू दाबत वर गेलो. आठ दिवसांनी चाचणीत दोनशे मीटरला सायकल सोडली तेव्हा पाय जड नव्हते. दमलोही नव्हतो. सांगितलं असतं तर शंभर किलोमीटर चालवून आलो असतो. फक्त पाय फिरत नव्हते. निवड झाली नाही. सर एवढंच म्हणाले, "दमणं वेगळं आणि मंदावणं वेगळं, लेका."

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे वाक्य मला पुस्तकी भाषेतही मांडता येतं. घाटात पेडलचे फेरे मिनिटाला सत्तर-ऐंशीवर येतात, स्नायू ताकद लावतो पण सावकाश आकुंचन पावतो. ट्रॅकवर तेच फेरे सव्वाशेच्या पुढे लागतात आणि गिअर बदलायची सोय नाही. दिवसेंदिवस सावकाश दाबत राहिलेल्या पायाला पटकन सोडायची सवय पुन्हा लावावी लागते. शिणवटा झोपेनं आणि खाण्यानं लवकर उतरतो. वेग परत यायला निराळा सराव लागतो आणि तो ताज्या पायांनीच करावा लागतो. म्हणजे आधी विसावा, मग सराव. दोन्हीला दिवस हवेत.

सेशननंतर बाकावर बसून शूज काढत असताना लेकीनं विचारलं, "बाबा, कॅव्हेंडिश इथं जिंकला होता का?"

जिंकला होता, आणि मी तेव्हा वरच्या खुर्च्यांत होतो. 6 मार्च 2016, रविवार, जागतिक ट्रॅक स्पर्धेचा शेवटचा दिवस. ब्रिटनचा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश आणि त्याचा जोडीदार ब्रॅडली विगिन्स यांनी मॅडिसन, म्हणजे दोघांनी आळीपाळीनं धावायची शर्यत, जिंकली. दोघांनी 2008 मध्ये मँचेस्टरला हीच शर्यत जिंकली होती. सगळं सभागृह उभं होतं. पण त्याच स्पर्धेत ऑम्नियममध्ये (अनेक शर्यतींचे गुण एकत्र धरतात ती) कॅव्हेंडिश सहावा आला होता, आणि रिओ ऑलिंपिकला त्याला जायचं होतं ते ऑम्नियमसाठीच. जुलैत तो टूर द फ्रान्सला गेला, चार टप्पे जिंकला, आयुष्यात पहिल्यांदा पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची, घातली. सोळावा टप्पा बर्नला संपला आणि दुसऱ्या दिवशी, 19 जुलैला, विश्रांतीच्या दिवशी त्यानं टूर सोडली.

तेव्हा बरीच कुरकुर झाली. टूर ही अर्ध्यात सोडायची गोष्ट नाही, संघानं पैसा ओतलेला असतो, लीड-आउटची, म्हणजे शेवटी तुला पुढे ओढून नेणारी, पोरं तुझ्यासाठी वारा खातात, आणि शाँझेलिझे, शेवटचा टप्पा संपतो तो पॅरिसचा रस्ता, ही तर स्प्रिंटरची पंढरी. हे सगळं खरंच आहे. मी ते हलकं मानत नाही, कारण याच विचारानं मी 1999 ला शर्यत सोडली नव्हती. पण पुढे काय उरलं होतं ते बघा. पाच टप्पे. त्यातले चार आल्प्समधले, एक डोंगरातली वेळेविरुद्धची शर्यत धरून. मग पॅरिस. एका स्प्रिंटसाठी चार दिवस डोंगरात ग्रुपेटोतून, म्हणजे मागे पडलेल्यांच्या टोळक्यातून, वेळेच्या मर्यादेत कसंबसं बसत चढायचं. आणि ऑम्नियम 14 ऑगस्टला सुरू होणार. टूर सोडल्यामुळे त्याला 26 दिवस मिळाले, पॅरिसपर्यंत थांबला असता तर 21. नुसत्या पाच दिवसांचा फरक नाही हा. त्या पाच दिवसांत पाय आणखी मंदावले असते, ते परत आणायचे दिवस वेगळे.

त्या वेळच्या ऑम्नियममध्ये दोन दिवसांत सहा शर्यती असायच्या: स्क्रॅच (रेषा आधी ओलांडेल तो पहिला), पर्सूट (घड्याळाविरुद्धचा पाठलाग), एलिमिनेशन (शेवटचा बाद होत जातो), एक किलोमीटर, एक फेरी भरवेगात आणि शेवटी पॉइंट्स (मधल्या स्प्रिंटचे गुण). त्यातल्या तीन घड्याळाविरुद्ध. तिथं चलाखी चालत नाही, पाय फिरले तर फिरले. रिओत कॅव्हेंडिशला रौप्य मिळालं: 194 गुण. सुवर्ण एलिया विविआनीला, 207. कांस्य डेन्मार्कच्या लासे नॉर्मन हानसेनला, 192. दोन गुणांनी रौप्य राहिलं.

"मग टूर सोडून पण सोनं का नाही मिळालं?" लेकीचा प्रश्न बरोबर आहे. विविआनी त्या वर्षी टूरला गेलाच नव्हता, हे मी तिला सांगितलं. माझं मत असं की ट्रॅकवर पदक हवं असेल तर स्प्रिंटरनं टूर सोडावी, आणि डोंगर सुरू व्हायच्या आधी जमलं तर तेव्हाच सोडावी. 2008 ला कॅव्हेंडिशनं तसं केलंही होतं. चार टप्पे जिंकून, चौदाव्यानंतर, आल्प्सच्या तोंडावर तो घरी गेला. बीजिंग ऑलिंपिकला मॅडिसनमध्ये विगिन्सबरोबर नववा आला आणि पदकाविना परतला. पण तिथं जोडीदार त्याच आठवड्यात दोन पर्सूट सुवर्ण मारून आलेला होता. मॅडिसन दोघांची असते. एकाचे ताजे पाय पुरत नाहीत. त्या निकालावरून टूर सोडण्याचा निर्णय चुकला असं म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालीन.

रस्त्यावरच्या ऑलिंपिकचं मात्र गणित उलटं आहे, आणि इथं बरेच जण दोन्ही एकात कालवतात. 22 जुलै 2012 ला कॅव्हेंडिश टूरचा पॅरिसचा टप्पा सलग चौथ्यांदा जिंकला, पिवळ्या जर्सीतल्या विगिन्सनं स्वतः त्याला पुढे ओढून नेलं. सहा दिवसांनी लंडन ऑलिंपिकची रस्त्यावरची शर्यत. मी रिचमंड पार्कजवळ सकाळपासून उभा होतो. शर्यत 250 किलोमीटरची, त्यात बॉक्स हिल या टेकडीच्या नऊ फेऱ्या. संघात पाचच जण, कानात रेडिओ नाही. ब्रिटिश पोरांनी दिवसभर पुढं राहून ओढलं, बाकीच्यांची फारशी मदत झाली नाही, आणि पुढं गेलेली टोळी हाती लागली नाही. कॅव्हेंडिश 29 वा आला. लोक म्हणाले, टूरनं थकवलं. त्या पाचांपैकी चौघे टूर पुरी करून आले होते हे खरं. पण त्यांच्यातल्याच विगिन्सनं 1 ऑगस्टला वेळेविरुद्धच्या शर्यतीत सुवर्ण मारलं आणि फ्रूमनं कांस्य. थकलेल्या माणसांना हे जमतं का? हरवलं ते डावपेचांनी. पुढे 2021 ला वाउट फान आर्ट पॅरिसचा टप्पा जिंकला आणि सहाच दिवसांनी टोकियोला रस्त्यावर रौप्य घेऊन गेला. तिथं जिंकलेला कारापाझ आणि तिसरा आलेला पोगाचारही टूर पुरी करूनच आलेले. रेम्को एव्हनपूल 2024 ला टूरमध्ये तिसरा आला आणि पॅरिस ऑलिंपिकला दोन सुवर्ण घेतली. लांब शर्यतीला टूरचे तीन आठवडे उपयोगी पडतात. पायाला जे लागतं ते तिथं मिळतं.

म्हणून कोणी विचारलं की स्प्रिंटरनं ऑलिंपिकआधी टूर सोडावी का, तर मी आधी विचारतो: पुढची सायकल कुठली? गिअर बदलणारी की न बदलणारी? व्हेलोपार्कमधल्या त्या तासानं मला हे जितकं स्वच्छ कळलं तितकं इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून कळलं नव्हतं. एकदा त्या सायकलवर बसा. गिअर एकच आहे, वेग हवा तर पायच भरभर फिरवायला हवेत, दुसरा इलाज नाही, हे मांड्यांना समजतं.

तर शिफारस: नक्की जा. सायकल कशी चालवायची एवढं येत असेल तर पुरे. बसून बघायचं असेल तर घरच्यांना बरोबर न्या, ट्रॅकभोवती खुर्च्याच खुर्च्या आहेत. सेशननंतर मांड्या दुसऱ्या दिवशी बोलतात, तेव्हा रविवारी काही ठरवू नका. एक तास मला कमी पडला, पण पहिल्यांदा येणाऱ्याला तो पुरतो. शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या गटातले बरेच जण धापा टाकत होते. पुढे जायचं असेल तर टप्प्याटप्प्यानं प्रशिक्षणाची सेशन्स आहेत. ती पार केली की गटात, चाकाला चाक लावून चालवता येतं.

लेकीला पुढचं सेशन हवंय. ते जूनमध्ये आहे, आणि त्याच आठवड्यात तिच्या क्लबची वेल्सला तीन दिवसांची डोंगरातली राइड आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वेल्सला जा, बाळा. ट्रॅकची तारीख आपण महिनाभर पुढे घेऊ." काल रात्री जुलैची जागा घेतली.