'एमडेन'ला १५ सेंटिमीटरच्या तोफा: एकच क्रूझर, तीन सॉफ्टवेअर

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एमडेन' या जर्मन हलक्या क्रूझरने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' या क्रूझरशी तिची गाठ पडली आणि तिथेच तिचा शेवट झाला. एमडेनच्या एका बाजूने पाच तोफा डागता येत. त्या १०.५ सेंटिमीटरच्या, गोळा सुमारे १६ किलोचा, म्हणजे एका फैरीत ८० किलो. सिडनीच्याही एका बाजूला पाचच तोफा, पण ६ इंची, गोळा ४५ किलोचा, म्हणजे फैरीत २२५ किलो. एमडेनवर सहा का होईना, १५ सेंटिमीटरच्या तोफा असत्या तर? असा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की माणूस कागद-पेन्सिल सोडून सॉफ्टवेअरकडे वळतो, आणि मग कुठलं घ्यायचं यावर अडतो.

मी हीच कल्पनेतली क्रूझर तिन्हीकडे उतरवून पाहिली आहे: जहाजाच्या आराखड्याचा हिशोब करणारं स्प्रिंगशार्प, आणि रूल द वेव्हज ३ व अल्टिमेट अ‍ॅडमिरल: ड्रेडनॉट्स हे दोन संगणकावरचे खेळ. तिघांचं काम इतकं वेगळं आहे की 'सर्वांत चांगलं कुठलं' हा प्रश्नच चुकतो. तुम्हाला कशाचं उत्तर हवंय, ते आधी ठरवा.

स्प्रिंगशार्प फुकट आहे आणि विंडोजवर चालतं. दिसायला एखाद्या सरकारी फॉर्मसारखं: रकाने भरायचे आणि शेवटी साध्या मजकुरातला अहवाल वाचायचा. एमडेनची लांबी ११८.३ मीटर, रुंदी १३.५, पाण्याखालची खोली साडेपाच, वजन सुमारे ३,६६० टन, वेग २३.५ नॉट, कोळशाचे बॉयलर आणि दट्ट्याची वाफेची इंजिनं. (तिची बहीण 'ड्रेस्डेन' टर्बाइनवर होती, तो बदलही करून पाहण्यासारखा आहे.) एवढं भरलं की पहिली मोलाची ओळ दिसते ती लांबीनुसार 'नैसर्गिक वेगा'ची. हिशोब सोपा: फुटातल्या लांबीचं वर्गमूळ. ३८८ फुटांना १९.७ नॉट येतात. त्यापुढचा प्रत्येक नॉट इंजिनाला लाटा ढकलत विकत घ्यावा लागतो. लांबी १० मीटरने कमी केली तर हा आकडा १८.८ वर उतरतो, आणि जहाजं इतकी लांबुडकी का बांधत हे न सांगता कळतं.

आता तोफा बदला. एमडेनवर प्रत्येक तोफेला १५० असे १,५०० गोळे असत. नुसत्या गोळ्यांचं वजन २४ टन. सहा मोठ्या तोफांना तोफेमागे तेवढेच दिले तर ४० टन. एका बाजूला चार तोफा वळतील अशी मांडणी केली की फैर १८० किलोंची होते, म्हणजे दुपटीहून जास्त. पण तोफांचं वजन डेकवर, उंचावर असतं, आणि स्थिरतेचा आकडा घसरायला लागतो. तो १ च्या खाली गेला की जहाज अस्थिर. रुंदी अर्धा मीटर वाढवून पाहिली तर स्थिरता सावरते, पण जहाजाचं धड आखूड-रुंद होतं, पाण्याचा विरोध वाढतो, त्यासाठी जास्त अश्वशक्ती लागते, बॉयलर वाढतात आणि धडाच्या बळकटीला उरणारं वजन कमी होतं. एक दोरा ओढावा आणि सगळं कापड आकसावं, तसं होतं. मला या सॉफ्टवेअरचं वेड आहे ते एवढ्यासाठीच. १९०६ साली आराखड्याच्या टेबलाशी बसलेल्या माणसाची घालमेल ते तुमच्या हाती देतं.

त्याला मर्यादाही आहेत. चित्र नाही, लढाई नाही. शिवाय विनाशिकेसारख्या अगदी हलक्या जहाजाचे खरे आकडे भरले तरी बळकटी १ च्या बरीच खाली दिसते. ते खरं मानून जहाज जाड करत बसू नका. त्याच काळातलं खरं जहाज आधी भरा आणि त्याच्या आकड्याशी ताडा.

रूल द वेव्हज ३ विकत घ्यावं लागतं. तिथे तुम्ही एका देशाचं नौदल चालवता, १८९० पासून पुढे, महिन्या-महिन्याच्या पावलांनी. जहाजाचा आराखडा इथेही आहे, पण ढोबळ. तोफा पूर्ण इंचांतच मिळतात, त्यामुळे १०.५ सेंटिमीटरच्या जागी ४ इंची घ्यावी लागते. वजन शिल्लक किती ते दिसतं, वर गेलं तर आराखडा अडतो. स्प्रिंगशार्प जे कधीच विचारत नाही ते हा खेळ विचारतो: पैसे कुठून आणणार? एका जड क्रूझरऐवजी दोन हलक्या बांधल्या तर टेहळणी जास्त समुद्रावर होईल, पण त्यातली एकटी एखाद्या सिडनीसमोर सापडली तर? जहाज बांधायला महिने जातात, तोवर शत्रूकडे नवी तोफ आलेली असते. आराखडा बरोबर असूनही काळ चुकीचा ठरतो, हे इथेच अनुभवायला मिळतं.

अल्टिमेट अ‍ॅडमिरलबद्दल थोडक्यात. दिसायला तिघांत हाच देखणा. तयार धडांमधून एक निवडायचं, त्यावर मनोरे, धुराडी, तोफा त्रिमितीत बसवायच्या. धुराडी कमी पडली तर इंजिनाची कार्यक्षमता उतरते, तोफा पुढे गर्दी करून बसवल्या तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, जड होते, आणि हे डोळ्यांसमोर घडतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला जहाजांची गोडी लावायची असेल तर मी हेच दाखवेन. पण धडाचा आकार मुळात खेळाने दिलेला असतो, त्यामुळे 'एमडेनचंच धड' हा माझा प्रश्न तिथे नीट मांडता येत नाही.

पर्यायी इतिहास लिहायचा असेल, एखादं जहाज वाचकापुढे पटेल असं उभं करायचं असेल, तर स्प्रिंगशार्पला पर्याय नाही. ताफा आणि धोरण यांत रस असेल तर पैसे रूल द वेव्हजवर खर्च करा. दोन्ही घेणार असाल तरी आधी महिनाभर स्प्रिंगशार्पच वापरा. मग खेळातला 'शिल्लक वजन' हा आकडा वाचताना त्यामागचं धड दिसायला लागतं.

सुरुवातीला कोरं जहाज काढू नका. पहिल्या संध्याकाळी एमडेन जशी होती तशी भरा. दुसऱ्या संध्याकाळी सहा मोठ्या तोफा चढवा. तिसऱ्या दिवशी 'कोलबर्ग' भरा: एमडेननंतरच्या वर्गातली, सुमारे ४,३६० टनांची, आणि तिला पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर खरोखरच सहा १५ सेंटिमीटरच्या तोफा बसवल्या होत्या. तिन्ही अहवाल शेजारी-शेजारी ठेवून स्थिरता, बळकटी आणि तोफा चालवताना जहाज किती कमी डोलतं, या तीनच ओळी वाचा. सुमारे ७०० टनांचा तो फरक कुठे-कुठे कामी आला, ते तिथे दिसेल.