काउंट्यांच्या मागे लागायचं तर कुठे: कॅलिफोर्निया, टेक्सास की सगळ्या ३०७७?

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचालकाचं, लायसन्स मिळालं, शंभर वॅटचा रेडिओ आला, मागच्या अंगणातल्या झाडाला तार बांधून झाली. 'तुमचा सिग्नल फाइव्ह नाइन' (म्हणजे एकदम खणखणीत) म्हणत बसण्याची हौस फिटली की अमेरिकेतले हॅम कुठल्या ना कुठल्या ॲवॉर्डच्या मागे लागतात. त्यातली सगळ्यात चिवट जमात काउंट्या गोळा करणाऱ्यांची. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. एका राज्यातल्या प्रत्येक काउंटीतल्या कुणाशी तरी संपर्क करायचा, लॉग ठेवायचा आणि प्रमाणपत्र मिळवायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला प्रश्न पडतो तो राज्य निवडण्याचा.

नुसता आकडा बघून ठरवू नका. डेलावेअरमध्ये काउंट्या तीनच आहेत, पण छोट्या राज्यात हॅमही कमी, आणि तुम्ही रेडिओ लावाल तेव्हा तिथलं कुणी ऑन एअर असेलच असं नाही. काउंट्या किती यापेक्षा त्या एकाच वेळी बोलत्या कधी होतात, हे जास्त महत्त्वाचं. ते होतं राज्याच्या 'क्यूएसओ पार्टी'त (क्यूएसओ म्हणजे रेडिओवरचा संपर्क). नाव पार्टी असलं तरी ही स्पर्धाच असते.

कॅलिफोर्निया इथे सरस ठरतं. ऑक्टोबरच्या पहिल्या सप्ताहअखेरीस नॉर्दर्न कॅलिफोर्निया कॉन्टेस्ट क्लब ही पार्टी भरवतो. शनिवारी १६०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) सुरू, रविवारी २२०० यूटीसीला बंद, म्हणजे सलग तीस तास. काउंट्या ५८. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या कोटीच्या घरात, तर अल्पाइनमध्ये २०२० च्या जनगणनेत माणसं १,२०४. तिथे घरी बसून रेडिओ लावणारा सापडणं कठीणच. म्हणून मंडळी जनरेटर, खांब, तारा गाडीत टाकून मुद्दाम अल्पाइन, सिएरा, मोडॉकसारख्या काउंट्यांत मुक्काम ठोकतात. संपर्क अगदी आटोपशीर: आपला अनुक्रमांक, त्यांचा अनुक्रमांक आणि काउंटीचं चार अक्षरी लघुरूप, की पुढचा. अल्पाइनवाला सापडला की त्याच्यावर शंभर जण एकदम तुटून पडतात. त्या गलक्यात आपला कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, घुसवायचा, तर सगळे ओरडून दम घेतात त्या क्षणाची वाट बघा. पाठोपाठ ओरडून काही होत नाही.

टेक्सासच्या २५४ काउंट्या म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथली पार्टी सप्टेंबरमध्ये असते. लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये ६४ होती, त्यामुळे तिथला हॅम घरबसल्या भेटेल ही आशा सोडा. टेक्सास चालतं ते मोबाइल स्टेशनांवर. गाडीच्या मागे अँटेना, शेजारी लॉग लिहिणारा जोडीदार, आणि दिवसभर एका काउंटीतून दुसरीत. उत्तरेकडच्या पॅनहँडलमधल्या काउंट्या जवळपास चौकोनी, एकेका बाजूला साधारण तीस मैल, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात एक मागे पडते. काही जण बरोबर सीमेवर गाडी उभी करतात आणि एकाच संपर्कात दोन काउंट्या देतात. मजा इथे नक्कीच जास्त आहे. पण एका सप्ताहअखेरीत २५४ पुऱ्या होतील हे धरून चालू नका. हे काही वर्षांचं काम.

आता ज्यात बरेच जण फसतात ते. बे एरियात राहणारा म्हणतो, 'मी कॅलिफोर्नियातच आहे, मग माझंच राज्य सोपं.' तसं नसतं. २० मीटर बँडवर (बँडची ही नावं तरंगलांबीवरून) सिग्नल वातावरणातल्या उंचावरच्या आयनमंडलावर आदळून खाली येतो तो सहसा बराच लांब. मधला पट्टा मुका राहतो आणि तुमच्या बऱ्याचशा काउंट्या नेमक्या त्याच पट्ट्यात असतात. न्यू जर्सीच्या माणसाला कॅलिफोर्निया खणखणीत ऐकू येतं आणि सॅन होजेच्या माणसाला फ्रेस्नो येत नाही. जवळचं गाठायला दिवसा ४० मीटर आणि रात्री ८० मीटर लागतो, तारही कमी उंचीवर बांधलेली चालते. पण ४० मीटरचा डायपोल, म्हणजे ताणून बांधलेली तारेची अँटेना, वीस मीटर लांब, ८० चा त्याच्या दुप्पट. अपार्टमेंटच्या बाल्कनीत तो कुठे मावणार?

म्हणून माझं मत सरळ आहे. पूर्व किनाऱ्यावर किंवा मिडवेस्टला असाल तर कॅलिफोर्निया घ्या. कॅलिफोर्नियात असाल आणि अंगण नसेल तर टेक्सास घ्या, पण सवडीने.

तिसरा पर्याय देशभरच्या ३०७७ काउंट्यांचा, यूएसए-सीए नावाच्या ॲवॉर्डचा. पहिला टप्पा ५०० चा, मग पाचशे-पाचशेने ३००० पर्यंत, शेवटी ३०७७. त्यासाठी १४.३३६ मेगाहर्ट्झवर काउंटीवाल्यांचं नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, भरतं, तिथे कान लावा. एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या पद्धतीत संपर्क भराभर होतात, पण त्यात ग्रिड, म्हणजे नकाशावरचा चौकोन, कळतो, काउंटी कळत नाही. ती नंतर शोधत बसावी लागते. सुरुवातीलाच याच्या नादी लागू नये. राज्याची पार्टी खेळता खेळता पहिले पाचशे आपसूक साचत जातात.

आणि ज्यांना काउंट्यांची ही कटकटच नको, त्यांच्यासाठी एआरआरएल या अमेरिकी हॅम संघटनेचं 'वर्क्ड ऑल स्टेट्स' आहे: पन्नास राज्यं, पुष्टी ऑनलाइन, कागदी कार्डांची वाट बघणं नाही. एक अट मात्र नीट वाचा. सगळे संपर्क परस्परांपासून ५० मैलांच्या आतल्या ठिकाणांहूनच केलेले हवेत. प्रोजेक्ट बदलला की डॅलसहून सिॲटलला जाणाऱ्यांना पहिल्यापासून मोजावं लागतं.

पुण्या-मुंबईतून व्हीयूने सुरू होणाऱ्या भारतीय कॉलसाइनवर खेळणाऱ्याने तर पन्नास राज्यंच धरावीत. इथून कॅलिफोर्नियाची सरळ वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते आणि सूर्य जरा खवळला की तीच आधी बंद पडते. तरी ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी रात्री साडेनऊला आणि रविवारी सकाळी सातच्या सुमारास २० मीटर लावून बघायला हरकत नाही. अल्पाइन नाही, पण सांता क्लारा मिळू शकते.