दिवसभर बोलणारा रेडिओ: आकाशवाणी, रेडिओ फोर की न्यूयॉर्कचं स्टेशन?

शेजारच्या काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली आणि पेपर, पुस्तक, मोबाइल सगळं काही आठवडे बंद झालं. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, नोकरी बंदर खात्यात, इंग्रजी चांगलं. तिसऱ्याच दिवशी कंटाळून माझ्याकडे आले. "गाणी नकोत आणि टीव्हीवरची भांडणंही नकोत. माणसं नीट बोलतायत असं दिवसभर कानाशी काही लावून ठेवता येईल का?"

मला विचारायचं कारण असं, की निवृत्तीनंतर मी गोधड्या शिवते. हात गुंतलेले, कान रिकामे. गेली कित्येक वर्षं माझ्या शिलाई मशीनशेजारी काही ना काही बोलत असतं. काकांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहिते, कारण अशा प्रश्नाचे धनी ते एकटे नसावेत.

खासगी एफएम सुरुवातीलाच बाद. आपल्याकडे त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणून तिथे गाणी, विनोद आणि जाहिराती एवढंच उरतं. सार्वजनिक रेडिओतले तीन पर्याय मी स्वतः महिनोन्‌महिने ऐकलेत: आपली आकाशवाणी, बीबीसीचा रेडिओ फोर, आणि अमेरिकेतल्या एनपीआरशी (नॅशनल पब्लिक रेडिओ) जोडलेलं न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनवायसी.

आधी घड्याळ बघा, कारण निम्मा निर्णय तेच करतं. आकाशवाणी आपल्या वेळेची. रेडिओ फोरवर सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेदहा. न्यूयॉर्कची सकाळची पाच म्हणजे आपली दुपारची साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही देश वेगवेगळ्या रविवारी घड्याळं सरकवतात, तेव्हा एक ते तीन आठवडे तुमचा लाडका कार्यक्रम हमखास चुकतो. मी दरवर्षी चुकवते.

आता आकाशवाणी. पुण्यात राहून सकाळी ७.०५च्या प्रादेशिक बातम्या न ऐकणं मला अजून जमत नाही. दहा मिनिटांत धरणातलं पाणी, पाऊस, परीक्षा, मंत्रिमंडळ, आणि एखाद्या आडगावची अशी बातमी जी वाहिन्यांवर कधी येणार नाही. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही, 'सर्वात आधी आम्ही' नाही. २०२३मध्ये पुण्याचा हा वृत्त विभाग हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा एवढी ओरड झाली की निर्णय थांबवावा लागला. म्हणजे ऐकणारे आहेत.

पण काकांना दिवसभर बोलणं हवं होतं, आणि तिथे आकाशवाणी कमी पडते. मुंबईची अस्मिता वाहिनी घ्या किंवा पुणे केंद्र, दिवस तुकड्यातुकड्यांचा असतो: थोड्या बातम्या, थोडी भक्तिगीतं, शेतीचा कार्यक्रम, दिल्लीहून सहक्षेपण, मग पुन्हा गाणी. एखादं सुरेख भाषण कानावर पडतं आणि दहा मिनिटांत संपतं. शिवाय ते भाषण बहुधा लिहिलेलं असतं. वक्त्यानं संहिता आधी द्यायची आणि स्टुडिओत वाचायची, ही जुनी रीत. माणूस कितीही विद्वान असो, तो कागद वाचतोय हे कानाला तिसऱ्या वाक्यात कळतं.

याच आकाशवाणीनं एके काळी लोकांना घरच्यासारखं बोलून दाखवलं होतं, म्हणून वाईट वाटतं. 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत कुणाला परके वाटले नाहीत. त्याआधी, १९५६मध्ये, युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पश्चिम महाराष्ट्र आणि आसपासच्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळं चालवली. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. रेडिओ उलट दिशेनंही चालतो हे आपल्याकडे तेव्हाच करून झालंय.

रेडिओ फोरची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९६७ला तो या नावानं सुरू झाला. सकाळी सहापासून मध्यरात्रीनंतरपर्यंत बोलणं आणि बोलणंच. पण ते दळण नाही. प्रत्येक तासाचा स्वभाव वेगळा ठेवलाय, जसा आपल्याकडे रागांचा प्रहर असतो.

सहा ते नऊ 'टुडे'. १९५७पासून चालू असलेला बातम्यांचा कार्यक्रम. आठ वाजून दहा मिनिटांनी दिवसाची मोठी मुलाखत, बहुधा मंत्र्याची, आणि ती ऐकण्यासारखी असते. "तुम्ही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत" हे वाक्य तिथे सभ्य आवाजात, न ओरडता, तीनदा म्हटलं जातं. काकांना सर्वात जास्त हेच आवडेल अशी माझी अटकळ होती. दहा वाजता 'वुमन्स अवर', जो १९४६मध्ये सुरू झाला आणि ज्याचा पहिला निवेदक पुरुष होता (हा विनोद त्यांनाही कळायला काही काळ गेला असावा). गुरुवारी 'इन अवर टाइम': तीन प्राध्यापक आणि एक सूत्रधार, विषय कधी ग्रीक नाटक, कधी कृष्णविवर. हजारावर भाग साठलेत. गोधडीची एक अख्खी बाजू मी या एका कार्यक्रमावर टाचलीय.

दुपारी श्रुतिका, पाचला पुन्हा बातम्या, साडेसहाला विनोदी कार्यक्रम, आणि सात वाजता 'द आर्चर्स'. अ‍ॅम्ब्रिज नावाच्या काल्पनिक गावाची ही मालिका १ जानेवारी १९५१पासून देशभर चालू आहे. तिची सुरुवात कृषी खात्याच्या सल्ल्यानं झाली होती. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, शेतकऱ्यांना नव्या पद्धती शिकवायच्या होत्या, आणि नुसतं व्याख्यान कोण ऐकणार? म्हणून गोष्ट. हेतू थेट आपल्या श्रोता मंडळांचाच. फरक एवढाच, की त्यांनी शिकवणं हळूहळू सोडलं आणि गोष्ट ठेवली, आपण गोष्ट सोडली आणि शिकवणं ठेवलं. तिकडच्या श्रोत्यांसाठी सातची वेळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा किंवा साडेअकरा. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोच भाग पुन्हा लागतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी. तोच ऐका. पहिले पंधरा दिवस कोण कुणाचा कोण काही कळणार नाही. नव्या सुनेसारखं गप्प बसून ऐकत राहायचं.

खोट काय? रेडिओ फोर आपल्याशी बोलत नाही. तो लंडनच्या आसपासच्या, शिकलेल्या, बागकाम करणाऱ्या माणसाशी बोलतो आणि आपण दाराआडून ऐकतो. भारताचा उल्लेख आला तर क्रिकेट, निवडणूक किंवा दुर्घटना. इंग्लंडच्या नगरपालिकांची कर्जं आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांतल्या रांगा यावर तासन्‌तास चर्चा चालते. मला त्याचं काही वाटत नाही, उलट परक्याच्या घरची कटकट ऐकताना आपली थोडी हलकी होते. पण ज्याला बातमीतून आपल्या जगाचा धागा हवा, त्याला हे उपऱ्यासारखं वाटेल.

एनपीआरबाबत एक गैरसमज आधी दूर करते. ते स्टेशन नव्हेच. १९७०मध्ये स्थापन झालेली ही संस्था कार्यक्रम बनवते आणि देशभरातली स्वतंत्र स्टेशनं ते घेऊन आपापला दिवस लावतात. त्यामुळे 'एनपीआर ऐकतो' म्हणणाऱ्याला लगेच विचारायचं, "कुठलं?" सकाळी 'मॉर्निंग एडिशन', संध्याकाळी 'ऑल थिंग्ज कन्सिडर्ड' हे खांब जवळपास सगळीकडे सारखे, मधली ओसरी ज्याची त्यानं बांधलेली. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएचवायवायमधला 'फ्रेश एअर' शेकडो स्टेशनं लावतात. टेरी ग्रोस यांच्या तिथल्या मुलाखती ऐकून मला एक गोष्ट समजली: प्रश्न छोटा असला की उत्तर मोठं येतं.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसीवर तिथल्या सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला (उन्हाळ्यात साडेसातला), ब्रायन लेहरर यांचा कार्यक्रम लागतो. तो १९८९पासून आहे आणि त्याचा जीव आहे फोनवर. घरभाडं, शाळाप्रवेश, सबवे म्हणजे भुयारी रेल्वे, निर्वासित, पालिकेचा अर्थसंकल्प, कशावरही ब्रुकलिनची शिक्षिका बोलते, क्वीन्सचा टॅक्सीवाला बोलतो. न्यू जर्सीतून गाडी चालवत ऑफिसला निघालेला आपला एखादा देशपांडे-पाटीलही तेच ऐकत असतो. ज्यांची मुलं न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत त्यांनी महिनाभर हा कार्यक्रम ऐकावा, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" याच्या पुढचा प्रश्न सुचतो.

बोलण्याची ढब मात्र ज्याला रुचेल त्याला रुचेल. एनपीआरचे निवेदक कानाशी येऊन, हसऱ्या, जपून घडवलेल्या सहजतेनं बोलतात. बातमीत आधी दाराचा करकर आवाज, मग कुत्र्याचं भुंकणं, मग शेतकरी. छान असतं, पण दिवसातून आठव्यांदा दार करकरलं की मी मशीन जोरात चालवते. बीबीसीवर माणसं एकमेकांना अडवतात. इथे फारसं कुणी अडवत नाही. त्या बदल्यात घरगुती ऊब मिळते. सुझन स्टॅम्बर्ग, १९७२मध्ये अमेरिकेतला राष्ट्रीय संध्या-वार्ता कार्यक्रम सांभाळणारी पहिली स्त्री, दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी आपल्या सासूबाईंची क्रॅनबेरीची गुलाबी चटणी श्रोत्यांना सांगायची. कांदा, साखर, आंबट साय आणि वरून हॉर्सरॅडिशचा झणका. ऐकायला विचित्र, पण चटणीवरून देशाशी बोलता येतं हे आपल्याला पटायला हरकत नसावी.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण ते ऐकू येतं. आकाशवाणी १९९७पासून प्रसार भारतीकडे, म्हणजे कागदावर स्वायत्त. पैसा मुख्यतः सरकारचा, आणि बातमीपत्राची सुरुवात कुठल्या वाक्यानं होते यावरून ते समजतं. बीबीसीचा खर्च ब्रिटनमधल्या घरोघरच्या टीव्ही लायसन्सवर चालतो. एप्रिल २०२५पासून एका लायसन्सचा दर वर्षाला १७४.५० पौंड होता. नुसत्या रेडिओचं लायसन्स तिथे १९७१मध्येच बंद झालं. म्हणजे रेडिओ फोर ऐकणारा फुकट ऐकतो, पुण्यातली मीही. जाहिरात नाही, मात्र स्वतःच्याच पुढच्या कार्यक्रमांची टिमकी अखंड. अमेरिकेत श्रोत्यांच्या वर्गणीवर भिस्त. वर्षातून काही वेळा वर्गणीमोहीम लागते. तेव्हा चांगली चाललेली चर्चा मध्येच थांबवून निवेदक पैसे मागतात आणि बदल्यात कापडी पिशवी किंवा कॉफीचा मग देऊ करतात. हरिदास आरती फिरवतो तसंच, फक्त कीर्तन अर्ध्यावर असताना. जुलै २०२५मध्ये तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी परत घेतला. मोठ्या शहरांतली स्टेशनं त्यातून तगतील. गावाकडच्या लहान स्टेशनांचा मोठा आधार तोच होता. त्यामुळे झोळी आता जास्त वेळा फिरेल हे धरून चाला.

ऐकायचं कसं? मध्यमलहरींवर आकाशवाणी घरात खरखरते, आणि बऱ्याचदा दोष घरातल्याच एलईडी दिव्याचा किंवा चार्जरचा असतो. रेडिओ खिडकीत न्या किंवा 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅप घ्या. बीबीसी साउंड्स २०२५च्या जुलैत परदेशी श्रोत्यांसाठी बंद झालं. रेडिओ फोर आता बीबीसीच्या मुख्य अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर मिळतो. डब्ल्यूएनवायसी त्यांच्याच संकेतस्थळावर. ९६ केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला साधारण ४३ एमबी डेटा जातो. दहा तास ऐकलंत तरी अर्ध्या जीबीच्या आत. मोबाइलला जुना स्पीकर जोडा. कानात बोंडं घालून दिवसभर बसू नका, घरच्यांचं बोलणं आधीच आपण कमी ऐकतो.

काकांसाठी मी असं लावलं: सकाळी ७.०५ पुणे, साडेअकरापासून रेडिओ फोर, आणि रात्री जेवताना अर्धा तास न्यूयॉर्कचे फोनवाले. एकच निवडायचं असेल तर रेडिओ फोर, यात मला शंका नाही. दिवस म्हणून रचलेला दिवस फक्त तिथेच मिळतो. मराठीच हवं असेल तर आकाशवाणीला पर्याय नाही, पण मग मधली गाणी सोसायची तयारी ठेवा. आणि एकटेपणा हे खरं कारण असेल तर न्यूयॉर्क, कारण तिथे सामान्य माणसं बोलतात.

तीन आठवड्यांनी काकांना डोळ्यांची परवानगी मिळाली. पेपर पुन्हा सुरू झाला, साडेअकराचा 'टुडे' सुटला, न्यूयॉर्क तर पहिल्याच आठवड्यात सुटलं होतं. "फार गोड बोलतात," म्हणाले. मी सांगितलेलीच नव्हती अशी एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतः शोधून ठेवली होती. लंडनला मध्यरात्री बारा अठ्ठेचाळीसला रेडिओ फोर ब्रिटनभोवतीच्या समुद्राचा हवामान अंदाज वाचतो. एकतीस सागरी विभाग, ठरलेल्या क्रमानं: वायकिंग, नॉर्थ अटसिरा, साउथ अटसिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट. वाऱ्याची दिशा, आकड्यात त्याचा जोर, पाऊस, दृश्यता. एकही वाक्य पुरं नाही. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यातले सकाळचे ६.१८ झालेले असतात. काका चहा घेऊन गॅलरीत बसतात, स्पीकर कठड्यावर.

परवा मी दूध आणायला निघाले तर हातानंच थांब म्हणाले. अंदाज वाचणारी बाई थांबेपर्यंत मी जिन्यात उभी. मग म्हणाले, "डॉगरला नैऋत्येचा आठ आहे. होड्या आत घ्यायला हव्यात." आणि पुण्याच्या बातम्यांना अजून वेळ होता म्हणून आत दाढी करायला गेले.